टॉलेमीचा जुना नकाशा घ्यायचाय? आधी त्यात बनवासी शोधा

गेल्या दिवाळीत भाचा आलेला घरी. हॉलमधल्या फ्रेमपुढं उभारला आणि पहिलाच प्रश्न, "मामा, ह्यात बेळगाव कुठाय?" बेळगाव नाहीच त्यात. कागद सोळाव्या शतकातला, व्हेनिसमध्ये छापलेला, खरं आतली माहिती त्याच्याही चौदाशे वर्षं आधीची, इसवी सन १५० च्या आसपास अलेक्झांड्रियात बसून क्लॉडियस टॉलेमीनं ग्रीकमध्ये लिहून ठेवलेली. मग मी त्याला काचेवर बोट ठेवून पैठण दाखवलं, चौल दाखवलं आणि शेवटी बनवासी, आपल्या धारवाड-हुबळीवरून सिरसीला गेलं की तिथनं पुढं वरदा नदीच्या काठावर आहे तेच बनवासी. पोरगं पाच मिनिटं तिथनं हललं नाही.

त्यानंतर ओळखीच्या तीन-चार जणांनी विचारलं की असला नकाशा आपल्यासारख्यानं घ्यायचा तर कसा, खोटा कसा ओळखायचा, आपल्या पावसात टिकतंय का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. लांबेल, सवडीनं वाचा.

पहिलं हे डोक्यात बसवा की टॉलेमीच्या हातचा नकाशा जगात एकही उरलेला नाही. उरली ती त्याची यादी. साधारण ८००० ठिकाणं, आणि बहुतेकांपुढं अक्षांश-रेखांशाचे आकडे, शिवाय गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची त्याच्या रीती. म्हणजे यादी हातात असेल तर कोणीही नकाशा काढू शकतो, आणि नेमकं तेच झालं. १२९५ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये मॅक्सिमस प्लानुदेस नावाच्या साधूनं ही विस्मरणात गेलेली ग्रीक पोथी शोधून काढली, पुढं फ्लॉरेन्समध्ये जाकोपो अँजेली यानं १४०६ च्या आसपास तिचं लॅटिन केलं, आणि छापखाने आल्यावर तर युरोपात जिकडंतिकडं टॉलेमीच छापायला लागले. १४७५ ला व्हिचेन्झामध्ये नुसता मजकूर, १४७७ ला बोलोन्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकाशांसकट, १४७८ ला रोम, १४८२ ला जर्मनीत उल्म. बोलोन्याच्या पुस्तकात तर साल चुकून १४६२ छापलंय, त्यामुळं कितीतरी दिवस लोकांचा घोळ व्हायचा.

नेहमीच्या संचात २७ नकाशे असतात. एक जगाचा, १० युरोपचे, ४ आफ्रिकेचे, १२ आशियाचे. आशियातला दहावा आपला, त्यावर लॅटिनमध्ये ताबुला एशिए आणि पुढं रोमन दहा म्हणजे एक्स असं लिहिलेलं असतंय. प्रदेशाचं नाव इंडिया इंट्रा गांजेम, गंगेच्या अलीकडचा हिंदुस्थान. अकरावा गंगेच्या पलीकडचा, बारावा ताप्रोबाना म्हणजे आपली श्रीलंका.

माझं स्पष्ट मत सांगतो. नवीन माणसानं हे दहावं पानच धरावं आणि बाकीचा मोह सोडावा. बहुतेकजण जगाच्या नकाशावर भाळतात, कडेनं गाल फुगवून वारा फुंकणारी तोंडं असतात ती बघून, आणि त्या तोंडांचेच पैसे मोजतात, कारण जगाच्या नकाशाला कायम जास्त मागणी. शिवाय जगाच्या नकाशावर आपला भाग अंगठ्याच्या नखाएवढा. दहाव्या पानावर मात्र आपला मुलूख वाचता येतो, आणि यादी तीच असल्यामुळं शंभर-दीडशे वर्षांत वेगवेगळ्या कोरणाऱ्यांनी तेच पान कसं कसं काढलं हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. माझ्या मते खरा संग्रह तो. सत्तावीस वेगळे तुकडे जमवले तर खोके भरतील, एकच पान पाच हातांचं बघितलं तर डोळा तयार होईल.

पैसे काढायच्या आधी तीन-चार महिने फुकटचा अभ्यास करा. डेव्हिड रम्सी यांचा नकाशासंग्रह आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे स्कॅन नेटवर मोकळे आहेत, मोठे करून एकेक अक्षर बघता येतंय. जोडीला मॅक्रिंडल यांनी टॉलेमीच्या हिंदुस्थानावरच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलंय, १८८५ चं, कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळं तेही नेटवर मिळतं. सुझान गोल यांचं हिंदुस्थानच्या जुन्या छापील नकाशांवरचं 'इंडिया विदिन द गँजेस', १९८३ चं, कुठं जुन्या पुस्तकात सापडलं तर सोडू नका.

आता पान उघडलं की पहिल्यांदा वाटणार हा हिंदुस्थान नव्हेच. दक्षिणेचं टोक गायब. भरूचच्या खालनं किनारा सरळ दक्षिणेला जायच्या ऐवजी पूर्वेकडं आडवा पळतोय, आणि खाली श्रीलंका मात्र अवाढव्य, तीही विषुववृत्तावर. टॉलेमी स्वतः इकडं आला नव्हता, त्याच्यापुढं मॅरिनस नावाच्या आधीच्या भूगोलकाराचा ग्रंथ आणि व्यापाऱ्यांनी सांगितलेले जहाजाचे दिवस, अमुक बंदरातनं तमुक बंदराला इतके दिवस, त्याचे अंश करून बसवायचे. पृथ्वीचा घेर पण त्यानं लहान धरला, १,८०,००० स्टेडिया, हे ग्रीकांचं अंतराचं माप. त्याच्या आधीच्या एराटोस्थेनिसनं २,५२,००० धरलेला, तो बराच जवळचा. म्हणून आकार चुकला. नावं मात्र कानावर ऐकून लिहिलेली आहेत आणि ती आजही बोलतात.

बरिगाझा म्हणजे भरूच. सोपारा जवळजवळ तसंच. नासिका सांगायलाच नको. ओझेने म्हणजे उज्जैन. सिमिल्ला म्हणजे चौल, आणि इथं टॉलेमी स्वतःच लिहितो की तिकडं जाऊन आलेले लोक सांगतात, तिथले रहिवासी ह्याला तिमूला म्हणतात. कोकण किनाऱ्यावरची एखादी व्यक्ती गावाचं नाव कशी उच्चारते ते अलेक्झांड्रियातल्या माणसानं लिहून ठेवलंय, मला हे दरवेळी नव्यानं भारी वाटतं. तगर म्हणजे धाराशिवकडचं तेर. बैथाना म्हणजे पैठण, आणि त्यापुढं सिरोप्टोलेमाइओसची राजधानी अशी नोंद, तो म्हणजे सातवाहनांचा श्री पुळुमावी. त्याच्या खाली कोकणच्या पट्टीला चाच्यांचा किनारा असं लिहिलेलं असतंय.

ह्याच यादीत हिप्पोकुरा नावाचं गाव आहे, बालेओकुरोस राजाची राजधानी. कोल्हापुरात विळिवायकुर नावाच्या राजाची जी नाणी सापडली त्याच्याशी हे नाव जुळतंय, म्हणून काही अभ्यासकांनी हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असं म्हटलं, सगळ्यांना ते मान्य नाही. मी छातीठोकपणे सांगणार नाही. खरं एवढं नक्की की पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीत रोमन काळातल्या ब्राँझच्या वस्तू सापडल्यात, त्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ठेवलेली आहे. निपाणी-संकेश्वरच्या लोकांना तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, नकाशा घ्यायच्या आधी ती मूर्ती जाऊन बघून या. आपल्या बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सुद्धा सातवाहन काळातली वस्ती उत्खननात निघालीय. त्या काळचा रस्ता आपल्या पायाखालनं गेलेला, मग नकाशा परक्याचा वाटत नाही.

आणि बनवासी. मॅक्रिंडलच्या भाषांतरात बनाऊआसेइ, हिप्पोकुराच्या गटातलं शेवटचं नाव. छापील नकाशांत स्पेलिंग दरवेळी थोडं हलतं, कुठं यू च्या जागी व्ही, कुठं लांब एस जो एफ सारखा दिसतोय. माझी रीत अशी आहे की कुठलाही दहावा नकाशा समोर आला की पहिलं बनवासी शोधायचं. ते शोधता शोधता सगळी शाई, सगळ्या घड्या, सगळी दुरुस्ती डोळ्याखालनं जाते, नुसतं छान आहे छान आहे म्हणत बसलं तर काहीच दिसत नाही. लॅटिनची चार अक्षरं पाठ असली की बस, एफएल म्हणजे नदी, मॉन्स डोंगर, सिनस आखात, इन्सुला बेट.

आता कुणाचा घ्यायचा.

परवडणाऱ्यात सगळ्यात बरा म्हणजे जिरोलामो रुशेल्लीचा, व्हेनिस १५६१. त्याच्या आधी जाकोमो गास्ताल्दीनं १५४८ ला खिशात मावेल असा छोटा टॉलेमी काढलेला, नकाशा साधारण १३ बाय १७ सेंटीमीटर, रुशेल्लीनं तेच मोठे करून घेतले, साधारण १८ बाय २५. हे पत्रे १५९८-९९ पर्यंत परत परत छापले गेले त्यामुळं मिळतात. ह्यात एक खूण आहे ती लक्षात ठेवा. तांब्याच्या एकाच पत्र्यावर दोन नकाशे वर-खाली कोरलेले होते, म्हणून आधीच्या आवृत्त्यांत पत्र्याचा दाब, म्हणजे छापताना पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटलेला वळ, वरच्या बाजूला कागदाच्या कडेपर्यंत पळत जातो, पूर्ण चौकट होत नाही. १५७४ च्या वेळी पत्रे कापून वेगळे केले, तेव्हापासून चारी बाजूनी चौकट. म्हणजे विकणारा १५६१ म्हणतोय आणि दाबाची चौकट चारी बाजूनी पूर्ण असेल तर विचारा, हे कसं काय.

सेबास्टियन म्युन्स्टर, बाझेल १५४०. हा लाकडी ठशाचा, रेघा जाड, डोंगर ठसठशीत, मला फार आवडतो. म्युन्स्टरच्या ठशात गावांची नावं लाकडात कोरलेली नसायची, धातूची अक्षरं खाचेत बसवायचे, त्यामुळं एका आवृत्तीत असलेलं नाव दुसरीत वेगळ्या अक्षरात किंवा किंचित हललेलं दिसतं. दोन प्रती शेजारी ठेवून बघायला ह्याच्यासारखा नकाशा नाही. फक्त एक घोळ होतो, म्युन्स्टरनं टॉलेमीही छापला आणि स्वतःचा कॉस्मोग्राफिया हा वेगळा जाडजूड ग्रंथही छापला, दोन्हीत नकाशे आहेत. त्याचा एक सुमात्राचा नकाशा आहे हत्तीवाला, त्या काळात ताप्रोबाना म्हणजे सुमात्रा की श्रीलंका ह्यावर सगळ्यांचाच गोंधळ होता. विकणारा कुठल्या पुस्तकातलं पान म्हणतोय ते लिहून घ्या.

मर्केटरचा १५७८ चा, कोलोन. कोरीव कामात ह्याच्या जवळ कोणी नाही. स्वतः नव्या जगाचे नकाशे करणारा माणूस, तरीपण टॉलेमी जसा होता तसाच शुद्ध करून द्यायचा म्हणून बसला, त्यात स्वतःच्या काळाची माहिती मिसळली नाही. हेच पत्रे १७३० पर्यंत छापत राहिले, म्हणजे दीडशे वर्षं. झिजलेल्या पत्र्याचा छाप फिका येतो, बारीक रेघा तुटतात, म्हणून मर्केटर नुसतं नाव ऐकून घेऊ नका, कुठल्या साली छापलेला ते विचारा. डोंगरांच्या सावलीच्या रेघा भिंगातनं बघा, तिथं झीज पहिली दिसते.

माजिनीचे, व्हेनिस १५९६ चे, छोटे आहेत आणि सुरुवातीला हात बसवायला चांगले. लोरेन्झ फ्रीसचे १५२२ पासूनचे लाकडी ठशाचे, त्याच ठशांची १५३५ ची ल्योंची आवृत्ती मिगेल सर्वेटसनं संपादित केली, पुढं १५५३ ला जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. पवित्र भूमी म्हणतात तेवढी सुपीक नाही असा मजकूर त्या पुस्तकात होता, तो खटल्यात त्याच्याविरुद्ध काढला गेला, आणि तो मजकूर मुळात आधीच्या आवृत्तीतनं आलेला. एखाद्या कागदामागं असली कथा असते तेव्हा मागचा मजकूर पण जपून वाचावा लागतो.

उल्मचा १४८२ चा म्हणजे स्वप्न. गडद निळा समुद्र, लाकडी ठसे. १४८६ ला परत छापला त्यात समुद्र बहुतेक करून तपकिरीकडं झुकणारा. बोलोन्याचं १४७७ चं अख्खं पुस्तक २००६ साली लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेलं. हे आपण स्कॅनवर बघायचं आणि समाधान मानायचं.

किमतीचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, ते सारखे हलतात. लिलावांचे जुने निकाल नेटवर बघता येतात, एकाच नकाशाचे निदान दहा निकाल वहीत उतरवून घ्या, साल, रंगीत की साधा, कड किती, डाग किती, आणि मग तुम्हालाच कळेल कोण वाजवी मागतोय.

खरा-खोटा. ह्यावर मी ठेच खाल्लेली आहे. सुरुवातीला एका विक्रेत्याकडनं फोटो बघून एक पान घेतलं, मस्त तांबूस जुनाट कागद, कडा कुरतडलेल्या, मी हरखून गेलो. हातात आल्यावर दहापट भिंगाखाली धरलं तर शाईच्या रेघेऐवजी बारीक बारीक ठिपके. ऑफसेटवर छापून चहाच्या पाण्यात रंगवलेला कागद होता तो. पैसे गेले, खरं वाईट ह्याचं वाटलं की आठवडाभर मी सगळ्यांना तो मोठ्या आनंदानं दाखवत होतो. तेव्हापासून मी पहिलं जे करतो ते सांगतो.

भिंग दहापटीचं घ्या, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं असतंय तसलं, फार महाग नाही. रेघ सलग आणि काळी हवी, ठिपक्यांची नको. मग कागद उजेडाकडं धरा. त्या काळचा कागद तारांच्या साच्यात हातानं केलेला, त्यामुळं आतनं जवळजवळच्या बारीक समांतर रेघा आणि त्यांना आडव्या लांब लांब अंतरावरच्या रेघा दिसतात, नशीब असेल तर कागदवाल्याची खूण पण दिसते, नांगर, मुकुट, असलं काहीतरी. अगदी गुळगुळीत एकसारखा कागद अठराव्या शतकाच्या मध्याच्या आधी नव्हता, तो दिसला की विषय संपला. तांब्याच्या नकाशाला पत्र्याचा दाब लागतो, बोट फिरवलं की नकाशाच्या चौकटीबाहेर खोलगट कड लागते. लाकडी ठशाला असली कड नसते, त्याचा दाब रेघांच्या जागी कागदाच्या मागनं उठलेला जाणवतो. म्हणजे कोणी म्युन्स्टर म्हणून दाखवला आणि त्याला पत्र्याची कड आहे, तर तो म्युन्स्टर नव्हे.

मागची बाजू. नवी माणसं मागची बाजू मागतच नाहीत. फोटो मागताना आधी मागचाच मागा. मागं मजकूर आहे का, लॅटिन आहे, जर्मन आहे की इटालियन, त्यावरनं आवृत्ती ठरते. मधल्या घडीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसते, ती जुन्या बांधणीची असेल तर उलट चांगली गोष्ट. हिरवा रंग असेल तर मागं बघा, जुना हिरवा तांब्याचा गंज असतो, तो कागद खातो आणि मागं तपकिरी डाग उमटवतो. पुढं लख्ख हिरवं आणि मागं काहीच नाही, तर रंग अलीकडं भरलेला असण्याची शक्यता जास्त. नवा रंग म्हणजे गुन्हा नव्हे, कित्येक चांगले विक्रेते स्पष्ट लिहितात रंग नवा आहे म्हणून, फक्त जुन्या रंगाचे पैसे द्यायचे नाहीत. मी स्वतः तर बिनरंगाचाच घेतो, कोरलेली रेघ तशीच दिसते.

आणि चोरीचा माल. ह्यात मी जरापण सवलत देत नाही. २००७ साली माद्रिदला स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या उल्म १४८२ च्या पुस्तकांतनं टॉलेमीचे जगाचे नकाशे कापून नेले, त्यातला एक पार सिडनीत सापडला. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक नामांकित नकाशाविक्रेता पकडला गेला, फरशीवर त्याच्याकडनं पडलेलं ब्लेड बघून तिथल्या लोकांना संशय आला, नंतर त्यानं ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. म्हणून शिक्का खोडल्यासारखी घासलेली जागा, एका बाजूची कड ब्लेडनं ताजी कापल्यासारखी, आणि कुठनं आला ह्यावर विक्रेत्याचं उडवाउडवीचं उत्तर, ह्यातलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या, कितीही स्वस्त असो. विचारायला लाजू नका. चांगला विक्रेता आधीच्या लिलावाचं नाव-साल सांगतो आणि बिलावर लिहून देतो. तसंच अख्खं पुस्तक फोडून पानं विकणाऱ्याला, मला दहावं पान राखून ठेव, असं कधी सांगू नका. पाचशे वर्षं एकत्र राहिलेलं पुस्तक आपल्या एका पानासाठी फुटायला नको. आधीच सुटी झालेली पानं बाजारात भरपूर आहेत.

आपल्या भागात मिळतात का? असले नकाशे बेळगावच्या जुन्या बाजारात मी कधी बघितले नाहीत. ब्रिटिशांच्या वेळचे सर्व्हेचे नकाशे, कॅन्टोन्मेंटचे प्लॅन असलं एखादवेळेस निघतं, तो वेगळा छंद. टॉलेमी म्हटला की मुंबईतले एखाद-दोन लिलाव नाहीतर सरळ युरोपातनं मागवणं. मागवताना बिलावर छापल्याचं साल, जुना मूळ छाप आहे, शंभर वर्षांवरचा आहे हे स्पष्ट लिहायला लावा, शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा कस्टममधला कोड ९७०६ आहे, तो टाकायला सांगा. ड्युटी आणि आयजीएसटीचे दर बदलत असतात, मागवायच्या आधी कुरिअरवाल्याला विचारून तेवढे पैसे बाजूला काढा, नाहीतर पार्सल अडकून पडतंय आणि गोदामाचं भाडं चढतंय. किंमत कमी दाखवून पाठवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, विमा पण तेवढ्याचाच मिळतो.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. आपल्याकडं १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे नकाशा इथं आला आणि आवडला नाही तर परत धाडू, हे कपड्याच्या ऑर्डरीसारखं सोपं नाही. जी काही चौकशी करायची ती पैसे द्यायच्या आधी, आणि मोठे फोटो मागवून.

आणि जून ते सप्टेंबर मागवू नका हो. खानापूरकडं तर सोडाच, टिळकवाडीत सुद्धा पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पार्सल दोन दिवस ओल्या गोदामात पडलं तर कागद लाटांसारखा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवायला सांगा.

आता घरी आल्यावरचं, कारण आपल्याकडं नकाशे बाजारापेक्षा घरात जास्त मरतात.

फ्रेमवाला. माझ्या एका मित्राचा चांगला नकाशा एका दुकानात प्लायवर फेव्हिकॉलनं चिकटवून दिला, वर लॅमिनेशन. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, त्याला देवांचे फोटो तसेच करून द्यायची सवय, खरं तो नकाशा आता सुटणार नाही. तुम्ही जाताना सोबत बसा, काम होईपर्यंत तिथनं उठू नका. अण्णा, गोंद नको, सेलोटेप नको, प्लाय नको, असं आधीच सांगा. मागचा पुठ्ठा आणि पुढचा माउंट, म्हणजे नकाशाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित हवा, आपल्याकडं पटकन मिळत नाही, पुणे-मुंबईहून कलेच्या साहित्याच्या दुकानातनं मागवून घ्या आणि फ्रेमवाल्याच्या हातात द्या. नकाशा वरच्या कडेला दोनच ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं लटकवायचा, बाकी मोकळा. पुढं-मागं कधी काढायचा झाला तर पाण्यानं सुटतो. काच कागदाला टेकायला नको, माउंटची जाडी मध्ये असतेच म्हणून माउंट हवा. शक्य असेल तर अतिनील किरण अडवणारी काच घाला.

भिंत बघून टांगा. आपला पाऊस नैऋत्येकडनं झोडपतो, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आतनं ओल धरतात, जुन्या मातीच्या नाहीतर दगडी घरांत तर जास्तच. आतल्या विभाजनाच्या भिंतीवर टांगा आणि फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. देवघराजवळ नको, समई-उदबत्तीची काजळी. स्वयंपाकघराच्या तोंडाशी तर नकोच, फोडणीचा तेलकट धूर कागदावर बसतो.

मी तर जूनच्या पहिल्या आठवड्यात नकाशे उतरवूनच ठेवतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, सपाट पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या बाजूला, आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आत. काटा पन्नासच्या आसपास राहिला तर उत्तम, पासष्टच्या वर चढला की पुड्या बदलायच्या. डांबरगोळ्या पेटीत टाकू नका. कसर आणि वाळवीसाठी कपाट लाकडी असेल तर वर्षातनं दोनदा मागची बाजू बघायची, पेटी भिंतीला टेकवायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही. तांबूस ठिपके आधीपासून असतील तर घरच्या घरी ब्लीच, लिंबू, खोडरबर असलं काही करायचं नाही. असू देत ते ठिपके. फारच फाटलं असेल तर संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडंच द्यायचं, खर्च येतो, द्यायचा.

प्रत्येक नकाशाची एक फाईल करा. बिल, कस्टमची पावती, पुढचा-मागचा फोटो, मापं, कागदाची खूण, कुठला डाग कुठं. नकाशावर पेनानं काहीही लिहायचं नाही, मागं सुद्धा नाही.

माझ्या वहीत सध्या दोन दहावी पानं आहेत, एक रुशेल्लीचं आणि एक म्युन्स्टरचं. दोन्हीतल्या बनवासीचं स्पेलिंग आणि जवळची नदी उतरवून ठेवलीय, ती जुळत नाहीत. म्हणून तिसरा हात पाहिजे. मर्केटरचं पान बघालोय, १६०० च्या आधी छापलेलं, बिनरंगाचं, मागची बाजू स्वच्छ असलेलं. मार्चमध्ये एक आलेलं, डोंगरांच्या रेघा तुटलेल्या होत्या म्हणून सोडलं. भाच्याला सांगून ठेवलंय, मिळालं की बनवासी तूच शोधायचं.